आपला माणूस आणि आपला हिशेब

(शेतकरी व मच्छिमार बांधवांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी तुम्हांला भोपाळची गोष्ट सांगणार आहे. “मास्तर, इथे आमच्या खाजनाचे बांध फुटले आहेत, मानशीची दारे कुजली आहेत, ट्रॉलर आमच्या जाळ्यांवरून फिरत आहेत, आणि तुम्ही भोपाळचे पुराण काय घेऊन बसलात?” असे कोणी विचारले तर त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण निवडणूक जवळ आली की आपण सारे एकच वाक्य बोलतो, ते आठवा. “या खेपेला आपला माणूस पाहिजे.” शेतकऱ्याला शेतकऱ्याचा मुलगा हवा असतो, रापणकाराला रापणकाराचा. भाटकार नको, वकील नको, खाणवाला नको; चिखल तुडवलेला, खारे पाणी प्यालेला माणूस हवा.

ही मागणी रास्त आहे. परंतु तो माणूस निवडून गेला, आमदार झाला, खासदार झाला, मुख्यमंत्री होऊन जवळजवळ सतरा वर्षे खुर्चीवर बसला, तर शेतकऱ्याच्या पदरात नेमके काय पडते? काय मिळते आणि काय मिळत नाही? हा प्रश्न कल्पनेने सोडवण्याची गरज नाही. भोपाळमध्ये हे प्रत्यक्ष घडून गेले आहे. म्हणून ही गोष्ट.

भोपाळ आपल्याला अगदीच परके नाही. आम्हां शिक्षकांना ते गाव ठाऊक आहे ते श्यामला टेकडीवरच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेमुळे. गोवा, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश अशा पश्चिमेकडच्या राज्यांतल्या शिक्षकांचे प्रशिक्षण तिथून चालते. आणि तिथल्या अरेरा टेकडीवर जे गोल विधानभवन आहे, त्याचा आराखडा काढला चार्ल्स कोरिया यांनी. पणजीची कला अकादमी ज्यांनी उभी केली तेच हे. घराणे मूळचे आपल्या गोव्याचे. १९९६ पासून मध्य प्रदेशची विधानसभा त्या इमारतीत भरते. त्याआधी ती नवाबी काळातल्या मिंटो हॉलमध्ये भरत असे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. भोपाळ हे नवाबाचे संस्थान होते. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण हे संस्थान भारतात पुरते मिसळले १ जून १९४९ रोजी. त्यासाठी तिथल्या लोकांना चळवळ करावी लागली. १४ जानेवारी १९४९ ला, मकरसंक्रांतीच्या जत्रेत, नर्मदेच्या काठी बोरास इथे तिरंगा लावणाऱ्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार तरुण धारातीर्थी पडले. म्हणजे नर्मदाकाठच्या त्या खेडुतांना मताचा अधिकार कोणी ताटात वाढून दिलेला नाही. आपल्यालाही १९६३ पर्यंत वाट पाहावी लागली. तेव्हा या अधिकाराची किंमत त्यांना आणि आपल्याला सारखीच कळायला हवी.

याच नर्मदेच्या काठी, सीहोर जिल्ह्यात, जैत नावाचे एक खेडे आहे. तिथल्या एका शेतकरी घरात ५ मार्च १९५९ रोजी शिवराजसिंह चौहान यांचा जन्म झाला. मला एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. नांगर खाली ठेवला आणि तडक विधानसभेत जाऊन बसले, अशातला हा प्रकार नाही. मुलगा शिकायला भोपाळला गेला. तिथल्या मॉडेल शाळेत १९७५ साली विद्यार्थी संघाचा अध्यक्ष झाला. आणीबाणीत तुरुंगात गेला. पुढे तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाला. पण घर शेतकऱ्याचे, गाव शेतकऱ्यांचे आणि मतदारसंघही शेतकऱ्यांचाच. “मी शेतकऱ्याचा मुलगा” ही त्यांची जन्मभराची ओळख, आणि लोकांनीही त्यांना त्याच ओळखीने मते दिली.

त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट ते स्वतः अनेकदा सांगत आले आहेत. गावातल्या शेतमजुरांना मजुरी फार कमी मिळे. या पोराने मजुरांना गोळा केले आणि मजुरी दुप्पट करा म्हणून गावातून मिरवणूक काढली. घोषणा कोणाविरुद्ध? तर ज्यांच्याकडे ते मजूर राबत त्या शेतमालकांविरुद्ध, आणि त्यांत त्यांचे स्वतःचे घरही आले. घरी आल्यावर चुलत्याच्या हातचा मार खावा लागला. ही गोष्ट ध्यानात ठेवा. घरच्यांना न आवडणारा प्रश्न विचारण्याची ती हिंमत होती. आपल्याला ती पुढे लागणार आहे.

१९९० साली ते बुधनी मतदारसंघातून प्रथम आमदार झाले. बुधनी म्हणजे त्यांचा घरचाच मुलूख. पायी गावोगाव हिंडून त्यांनी लोक जोडले. म्हणून त्यांना “पाँव-पाँववाले भैया”, म्हणजे पायी चालणारे भाऊ, हे नाव पडले. वर्षभरातच, १९९१ साली, अटलबिहारी वाजपेयी यांनी लखनौची जागा ठेवून विदिशाची सोडली. त्या पोटनिवडणुकीत चौहान लोकसभेत गेले आणि पुढे तिथून पाच वेळा निवडून आले. २००३ साली पक्षाने त्यांना त्या वेळचे मुख्यमंत्री दिग्विजयसिंह यांच्यासमोर राघोगडला उभे केले. तिथे ते पडले. पण दोनच वर्षांनी, २९ नोव्हेंबर २००५ रोजी, ते मुख्यमंत्री झाले. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर होते बाबूलाल गौर, भोपाळच्या कापडगिरणीत मजुरी केलेले गृहस्थ. गिरणी-मजुरामागून शेतकऱ्याचा मुलगा आला. लोकशाहीत हे घडू शकते, ही साधी गोष्ट नव्हे. नवाबाच्या राज्यात हे घडते ना.

आता आपण वही उघडू. एका पानावर जमा, दुसऱ्या पानावर नावे. जमेची बाजू आधी, कारण ज्याचे त्याला द्यावे ही आपली रीत.

पहिली जमा व्याजाची. सहकारी संस्थांतून मिळणाऱ्या पीककर्जाचे व्याज त्यांच्या सरकारने टप्प्याटप्प्याने उतरवत नेले आणि २०१२-१३ पासून वेळेवर फेडणाऱ्याला ते शून्य टक्के केले. सावकाराच्या दारात ज्याने एकदा तरी पागोटे काढून ठेवले आहे, त्याला या एका वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी जमा गव्हाच्या खरेदीची. केंद्र सरकार हमीभाव जाहीर करते, पण तो शेतकऱ्याच्या हातात पडतो तो सरकार माल खरोखर विकत घेईल तेव्हाच. नाहीतर हमीभाव कागदावर आणि शेतकरी दलालाच्या दारात. मध्य प्रदेशाने खरेदीकेंद्रे वाढवली, शेतकऱ्यांची नोंदणी संगणकावर आणली, कोणत्या दिवशी माल घेऊन यायचा याचा संदेश त्याच्या मोबाईलवर जाऊ लागला. वरून काही वर्षे राज्याने स्वतःचा बोनस दिला, क्विंटलमागे शंभर आणि नंतर दीडशे रुपये. २०१४ साली केंद्राने अशा बोनसला हरकत घेतल्यावर तो थांबला. पण खरेदीची घडी बसली होती. २०२० साली टाळेबंदी लागलेली असतानाही तिथे सुमारे १२९ लाख टन गहू सरकारने विकत घेतला आणि त्या वर्षी मध्य प्रदेशाने पंजाबलाही मागे टाकले. पंजाबला गव्हाच्या खरेदीत मागे टाकणे ही पोरखेळाची गोष्ट नव्हे.

तिसरी जमा पाण्याची. कालवे झाले, पंपाने पाणी उचलून दूर नेण्याच्या योजना झाल्या. नर्मदेचे पाणी नळातून क्षिप्रेत सोडण्याची योजना २०१४ साली सुरू झाली. सिंचनाखालची जमीन कित्येक पटींनी वाढली असे सरकार सांगत असे. सरकारी आकड्यातून थोडे वजा करून घ्यावे, हे आपल्याला अनुभवाने कळते. पण वजा करूनही बरेच उरते. नुसत्या पावसावर एक पीक घेणारी पुष्कळ गावे दोन पिके घेऊ लागली, हे खरे आहे.

आता दुसरे पान. आणि इथेच, वाचकहो, मला तुमचे पुरते लक्ष हवे आहे.

पाणी आले, पीक वाढले, कोठारे भरली. मग शेतकरी सुखी व्हायला हवा होता. झाले उलटेच. पीक वाढले तसा भाव कोसळला. गव्हाला खरेदीकेंद्र होते, पण कांदा, लसूण, सोयाबीन, मेथी, धणे यांना कोण विचारतो? २०१७ च्या जूनमध्ये शेतकरी संपावर गेला. १ जूनला इकडे महाराष्ट्रात पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला, तिकडे माळव्यातही तोच वणवा पेटला. ६ जूनला मंदसौर जिल्ह्यात पिपलिया मंडी इथे गोळीबार झाला आणि पाच शेतकरी ठार झाले. सरकारने आधी सांगितले की गोळ्या पोलिसांनी चालवल्या नाहीत. दोन दिवसांनी गृहमंत्र्यांना कबूल करावे लागले की पोलिसांनीच चालवल्या.

राज्य कोणाचे होते? शेतकऱ्याच्या मुलाचे. ज्याने लहानपणी मजुरांची मिरवणूक काढली होती, त्याच्याच राज्यात शेतकऱ्यांच्या मोर्चावर गोळी चालली. गोळी चालवा असे त्यांनी सांगितले, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला माझ्याजवळ काही आधार नाही. पण तो भडका उडेपर्यंत महिनोन्‌महिने मंडीत जे चालले होते, ते भोपाळच्या टेकडीवर ऐकू गेले नाही, एवढे तर उघडच आहे.

त्यानंतर त्यांनी काय केले? १० जूनला भोपाळच्या दसरा मैदानावर ते उपोषणाला बसले. राज्याचा मुख्यमंत्री शांततेसाठी उपोषण करतो, हे दृश्य देशाने पाहिले. दुसऱ्या दिवशी उपोषण सुटले. मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर झाले. चौकशी आयोग नेमला गेला. कांदा आठ रुपये किलोने सरकारने विकत घेतला. आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये “भावांतर” नावाची योजना आली.

ही भावांतर योजना आपण नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्या जातीची योजना आपल्याकडेही आहे. गोव्यात काजू, नारळ, भात यांची एक आधारभूत किंमत ठरवतात आणि बाजारभाव त्याहून कमी पडला तर मधला फरक सरकार भरून देते. भावांतरही तसेच. सोयाबीन, मका, उडीद, मूग, तूर, भुईमूग अशी आठ पिके घेतली. शेतकऱ्याने नाव नोंदवायचे, माल मंडीत विकायचा, आणि फरक त्याच्या बँकखात्यात.

आता मेख पाहा. फरक कोणता? तुम्हांला प्रत्यक्ष मिळालेल्या भावाशी नव्हे, तर मंडीतल्या सरासरी भावाशी. समजा, हमीभाव तीन हजार रुपये क्विंटल. सरासरी निघाली दोन हजार सहाशे. सरकार देणार चारशे. पण तुमचा माल व्यापाऱ्याने दोन हजार तीनशेला घेतला असेल, तर तुमच्या हाती येणार दोन हजार सातशे. तीनशे रुपये बुडालेच. शिवाय सरकार फरक देणार हे व्यापाऱ्यालाही ठाऊक. योजनेच्या मुदतीत मंडीतले भाव पडल्याची ओरड ठिकठिकाणी झाली. व्यापारी शेतकऱ्याला म्हणणार, “तुझे काय जाते? उरलेले सरकार देतेय.” योजना वाईट हेतूची नव्हती. पण कागदावर ती ज्यांनी रचली, त्यांच्यात मंडीच्या ओट्यावर दिवस काढलेला कोणी असता, तर ही मेख पहिल्याच दिवशी ध्यानात आली असती. शेतकऱ्याचा मुलगा वर बसला, पण खाली योजना रचणाऱ्या टेबलावर शेतकरी नव्हता.

आता मच्छिमार बांधवांनो, तुमच्याकडे वळतो. समुद्र भोपाळपासून फार दूर, पण मासे मारणारे लोक तिथेही आहेत, आणि त्यांची कथा तुमच्या कथेची सख्खी बहीण आहे.

नर्मदेला मिळणारी तवा नावाची नदी आहे. तिच्यावर होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये, १९७० च्या दशकात मोठे धरण झाले. आदिवासींची गावे बुडाली. जमीन गेली, समोर पाणीच पाणी. त्या पाण्यातले मासे मारायचे म्हटले तर ठेकेदाराचा मक्ता. आपल्याच बुडालेल्या शेतावरच्या पाण्यात हे लोक चोर ठरले. त्यांनी लढा दिला आणि १९९६ साली मासेमारीचा हक्क आपल्या सहकारी संघासाठी, “तवा मत्स्य संघा”साठी, मिळवला. दहा वर्षे त्यांनी तो संघ स्वतः चालवला. मासे पकडले, बीज सोडले, माल बाहेर पाठवला, मजुरीची फेड वेळेवर केली. ठेकेदाराविना हे चालते, हे त्यांनी दाखवून दिले. डिसेंबर २००६ मध्ये मुदत संपली आणि सरकारने तो हक्क पुन्हा दिला नाही. जलाशय राखीव वनक्षेत्राला लागून आहे, वन्यजीव कायद्याची अडचण आहे, असे कारण दिले गेले. त्या वेळी भोपाळमध्ये राज्य होते ते आपल्या शेतकऱ्याच्या मुलाचे.

आणि २०१२ चा तो प्रसंग तुमच्यापैकी काहींनी वर्तमानपत्रात पाहिला असेल. ओंकारेश्वर धरणाचे पाणी चढवले म्हणून खंडवा जिल्ह्यातल्या घोगलगावचे बायाबापे गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले. सतरा दिवस. पायांची कातडी सोलून निघाली. अखेर १० सप्टेंबरला मुख्यमंत्र्यांनी पाणी १८९ मीटरवर ठेवण्याचे आणि जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचे कबूल केले. सतराव्या दिवशी का होईना, ऐकले. पण त्याच आठवड्यात शेजारच्या हरदा जिल्ह्यात तसेच पाण्यात उभे राहिलेल्या लोकांना पोलिसांनी बाहेर काढले. आणि २०१५ मध्ये ओंकारेश्वरचे पाणी पुन्हा चढले, लोक पुन्हा पाण्यात उभे राहिले, त्या खेपेला बत्तीस दिवस.

मग लोकांनी काय केले? २०१८ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला १०९ जागा मिळाल्या, काँग्रेसला ११४. खुर्ची गेली. दोन लाखांपर्यंतच्या कर्जमाफीचे वचन देणारे कमलनाथ आले आणि शपथ घेतली त्याच दिवशी, १७ डिसेंबरला, त्यांनी कर्जमाफीच्या कागदावर सही केली. ते सरकार पंधरा महिन्यांत पडले, २३ मार्च २०२० ला चौहान पुन्हा मुख्यमंत्री झाले. २०२३ ची निवडणूक पक्षाने मोठ्या बहुमताने जिंकली. बुधनीत त्यांना स्वतःला एक लाखाहून अधिक मतांची आघाडी मिळाली. तरीही मुख्यमंत्रिपद दुसऱ्याकडे गेले. २०२४ ला विदिशातून ते आठ लाखांहून अधिक मतांच्या फरकाने लोकसभेवर गेले आणि जूनमध्ये केंद्रात शेतीखाते त्यांच्याकडे आले. जैत गावच्या वाटेवरून निघालेला माणूस दिल्लीच्या कृषी भवनापर्यंत पोहोचला.

हे सारे मी त्यांची निंदा करायला सांगितले नाही आणि स्तुती करायलाही नाही. बुधनी आणि विदिशाचे लोक खुळे नाहीत. त्यांना काही मिळाले म्हणूनच ते पुनःपुन्हा मते देत आले. मला दाखवायचे आहे ते निराळेच. याच माणसाच्या राज्यात व्याज शून्य झाले आणि याच माणसाच्या राज्यात पिपलिया मंडीला गोळी चालली. माणूस तोच, जन्म तोच, जैत गाव तेच. फरक कशाने पडला? जिथे शेतकऱ्याचे म्हणणे रोजच्या रोज वर पोहोचत होते, जसे गव्हाच्या खरेदीत, तिथे काम नीट झाले. जिथे ते पोहोचले नाही, तिथे पाण्यात सतरा दिवस उभे राहिल्यावर किंवा पाच माणसे मेल्यावर ऐकू गेले.

आपल्या महाराष्ट्रात याच्या शेजारी ठेवण्यासारखे एक उदाहरण आहे, ते सांगून मग घराकडे वळू. सोलापूर जिल्ह्यातला सांगोला तालुका म्हणजे दुष्काळाचे माहेरघर. तिथून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. पहिल्यांदा १९६२ ला, शेवटची निवडणूक जिंकली २०१४ ला. शिक्षणाने वकील, पण आयुष्य गेले शेतकऱ्यांत. १९७२ ला आणि १९९५ ला लोकांनी त्यांना पाडलेही, आणि पुन्हा निवडून दिले. १९७८ ला आणि १९९९ ला मंत्री झाले, एरवी बहुतेक काळ विरोधी बाकावर. मुंबईच्या विधानसभेला ते एस. टी. ने जात. ३० जुलै २०२१ रोजी ते वारले.

त्यांच्या हाती चौहानांसारखी खुर्ची सतरा वर्षे कधीच नव्हती. पण एस. टी. ने प्रवास करणाऱ्या आमदाराला शेजारच्या बाकावरचा शेतकरी सांगोल्यापासून मुंबईपर्यंत बोलत राहतो. कांद्याचा भाव त्याला कोणा सचिवाकडून कळून घ्यावा लागत नाही. साधेपणाचे कौतुक म्हणून मी हे सांगत नाही. त्या बाकावर बसल्याने त्यांच्या कानावर रोज हिशेब पडत होता, म्हणून सांगतो.

आता आपण गोव्याचे गणित करू. मी मास्तर, गणिताशिवाय सोडणार नाही. मध्य प्रदेशात २०२३ साली मतदार सुमारे साडेपाच कोटी आणि आमदार २३०. म्हणजे एका आमदारामागे जवळजवळ दोन लाख चाळीस हजार मतदार. आपल्या गोव्यात २०२२ साली मतदार साडेअकरा लाखांच्या आसपास आणि आमदार ४०. म्हणजे एकामागे तीस हजारांहूनही कमी. तिथल्या शेतकऱ्याने आमदाराला गाठायचे म्हणजे दिवस मोडतो. आपला आमदार आपल्याला तिठ्यावर भेटतो, लग्नात पंगतीला शेजारी असतो, जत्रेत पालखीला खांदा द्यायला येतो. त्यांच्याहून आठपट जवळ असलेल्या माणसाला जर आपण प्रश्न विचारत नसू, तर दोष कोणाचा?

आपण विचारले तेव्हा मिळाले आहे, हे विसरू नका. मुंडकारांचा कायदा १९७५ चा, कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक करणारी दुरुस्ती १९७६ ची. या गोष्टी आपोआप झाल्या नाहीत. त्यांच्यामागे पंधरा वर्षांची कुळांची हाक होती. ट्रॉलर काठाला येऊन रापणकारांच्या तोंडचा घास नेऊ लागले, तेव्हा रापणकार रस्त्यावर उतरले, माथानी साल्ढाणा यांच्यासारखा शाळामास्तर त्यांच्यापुढे चालला, तेव्हा कुठे १९८० चा सागरी मासेमारी कायदा झाला. पुढे साल्ढाणा आमदार आणि मंत्रीही झाले. पण कायदा झाला तो ते मंत्री होते म्हणून नव्हे. तो झाला तेव्हा ते तुमच्याबरोबर रस्त्यावर होते.

म्हणून माझे एवढेच सांगणे. आपला माणूस अवश्य निवडा. परंतु निवडला की काम संपले, असे समजू नका. बी चांगले मिळाले म्हणून कोणी पेरून घरी निजत नाही. बांध पाहावा लागतो, मानस वेळेवर उघडावी आणि बंद करावी लागते, डुकरे हाकावी लागतात. आमदारही तसाच पेरलेला असतो.

गावोगाव एक वही ठेवा. शाळेतली साधी शंभर पानी वही पुरे. तिच्यात चार रकाने आखा. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात आपण काय मागितले, तिसऱ्यात आमदार काय म्हणाले, चौथ्यात काय झाले. बांधाची दुरुस्ती, मानशीचे दार, काजूच्या आधारभूत किमतीचे थकलेले पैसे, जेटी, डिझेलची सवलत, जे असेल ते. कोणतीही योजना आली की पहिला प्रश्न हा विचारा: ही रचताना आमच्यापैकी कोण बसला होता? फरक मिळणार तर तो कोणत्या भावाशी? मक्ता कोणाला, सहकारी संस्थेला की ठेकेदाराला? आणि आपल्या पक्षाचा, आपल्या जातीचा, आपल्या वाड्यावरचा आमदार असला, तर हेच प्रश्न दुप्पट मोठ्या आवाजात विचारा. परक्याला विचारणे सोपे असते. जैतच्या त्या पोराने स्वतःच्या घरापुढे घोषणा दिली होती आणि मार खाल्ला होता. तेवढी हिंमत आपल्याला हवी.

वहीत अक्षर कोणाचे, याची चिंता करू नका. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे, शाळेतल्या पोराने लिहावे. पोरांचे शुद्धलेखन मी तपासून देईन. पण वही मात्र पुढच्या ग्रामसभेला घेऊन या.